मागून येणारे : 'पिकमिन' या खेळाविषयी, तेरहून

२०२३ च्या दिवाळीत लेक पुण्याहून तेरला आली ती निन्टेन्डो कंपनीचं 'स्विच' नावाचं यंत्र घेऊन. माझं वय तेव्हा त्रेपन्न. व्हिडिओ गेमशी माझा संबंध एवढाच, की दोन हजार सालानंतर सायबर कॅफेत पोरं 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायची आणि मी माझं टंकनाचं काम होईपर्यंत त्यांच्या खांद्यावरून बघायचो. लेकीनं 'पिकमिन' लावून दिला आणि ती फराळाच्या कामाला लागली. खेळातल्या तिसऱ्या दिवशी मी एका डबक्यातून सरळ पलीकडे निघालो. माझ्या मागून येणारे तांबडे पिकमिनही पाण्यात उतरले आणि हातपाय मारू लागले. मला वाटलं, खेळतायत. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबा, मागं बघा की! बुडायलेत ते."

मी वळेपर्यंत नऊ गेले होते. प्रत्येकाच्या जागेवरून एक पुसट तांबूस आकृती वर तरंगत गेली, आणि प्रत्येक वेळी एक बारीक आवाज आला. त्याला किंकाळी म्हणता येत नाही, सुस्कारा म्हणावा लागेल.

हा लेख त्या नऊंविषयी आहे. एका प्राचीन गावाच्या इतिहासात तीस वर्षं घालवलेल्या माणसानं दिवाळी अंकाच्या संशोधन विभागात मुलांच्या खेळावर का लिहावं, असा प्रश्न वाचकांना पडेल. मलाही पडला होता. पण ते डबकं ओलांडताना मला जे आठवलं ते तेरच्या कुठल्याही माणसाला आठवलं असतं, आणि त्यावर मी आजवर लिहायला धजलो नव्हतो.

आधी खेळ समजून घेऊ. 'पिकमिन' २००१ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आला. त्यामागचे मुख्य कल्पक शिगेरू मियामोतो, म्हणजे 'मारिओ'चे जनक. बागेतल्या मुंग्या बघताना ही कल्पना सुचल्याचं सांगितलं जातं. ऑलिमार नावाचा अंगठ्याएवढा अंतराळवीर एका अनोळखी ग्रहावर कोसळतो. त्याच्या यानाचे तीस भाग विखुरले आहेत आणि तिथला प्राणवायू त्याच्यासाठी विष आहे. हाताशी दिवस तीस. एक दिवस सुमारे तेरा मिनिटांचा. एकट्यानं काही उचलण्याची त्याच्यात ताकद नाही. तेव्हा जमिनीतून उपटून काढावे लागणारे, डोक्यावर पान असलेले, गाजरासारखे दिसणारे जीव त्याला भेटतात. तांबड्यांना आगीचं भय नाही, पिवळ्यांना उंच फेकता येतं, निळ्यांना पाण्यात जाता येतं. एका वेळी जास्तीत जास्त शंभर जण बाहेर काढता येतात. शिट्टी वाजवली की ते येतात, फेकाल तिथं जाऊन भिडतात, जड वस्तूला खांदा देऊन ती यानापर्यंत ओढत आणतात. बदल्यात काहीच मागत नाहीत.

हे 'काहीच मागत नाहीत' नीट बघायला हवं. पिकमिनची निष्ठा हा सद्गुण नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला पुण्य लागत नाही. ते वाटेत गवत उपटत रेंगाळतात, ठेचकाळून मागे पडतात, गोड रसाचा थेंब दिसला की त्यात तोंड घालून बसतात. पण शिट्टी ऐकून कोणी पाठ फिरवत नाही. त्यामुळे खेळाचा सगळा नैतिक भार आज्ञा देणाऱ्यावर येऊन पडतो. तोही त्याच्या हेतूवर नाही, लक्षावर. मी त्या नऊ जणांना मारायला निघालो नव्हतो. मी पुढं बघत होतो, एवढंच.

सैन्य हलवण्याचे खेळ आपल्याला नवे नाहीत. देशी बुद्धिबळात प्याद्यानं मात करणं मानाचं समजलं जाई, आणि पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या बुद्धिबळावरच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापलं गेलं, इतकी आपल्याकडे या विद्येची कदर होती. पण प्याद्याचा मान राजाला कोंडीत पकडण्यापुरता. पटाबाहेर गेलेलं प्यादं डबीत पडतं आणि पुढच्या डावात तेच पुन्हा उभं राहतं. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या १९९९ च्या दुसऱ्या भागात साधा पायदळ सैनिक साठ अन्न आणि वीस सोनं देऊन तयार होतो. तो पडला की खेळणाऱ्याच्या मनात नेमकी तेवढीच रक्कम वजा होते. कॅफेतली पोरं "जाऊ दे, अजून वीस काढ" म्हणायची ते मला अजून ऐकू येतं. दिवाळीतल्या किल्ल्यावरचे मावळे जरा वेगळे. आमच्याकडे किल्ल्याची प्रथा पुण्या-कोल्हापूरइतकी जोरात नाही, पण माझ्या लहानपणी आम्हीही वाड्यामागं चिखलाचा किल्ला करून बार्शीच्या बाजारातले मातीचे मावळे त्यावर उभे करायचो. त्यातला एखादा तुटला तर वाईट वाटायचं, कारण तो विकत आणलेला असायचा. आणि भाऊबीज झाली की उरलेल्या फटाक्यांनी आम्हीच तो किल्ला उडवायचो.

'पिकमिन' यांहून वेगळा आहे तो दोन ठिकाणी. एक, ती बुडणारी, भाजणारी, गिळली जाणारी मरणं तो डोळ्यांसमोर आणि कानांत घडवतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. दिवस मावळू लागला की सगळ्यांना गोळा करून परतावं लागतं, कारण रात्री तिथले मोठे प्राणी शिकारीला निघतात. शेवटच्या दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. जे हाकेच्या टप्प्यात नाहीत ते राहतात. यान वर उडतं आणि मागे राहिलेले पिकमिन धावत असलेले, त्यांच्यामागं जनावरं लागलेली, असं एक छोटं दृश्य खेळ दाखवतो. मग हिशोबाचा पडदा येतो. त्यानंतर ऑलिमार रोजनिशी लिहितो.

ही रोजनिशी मला खेळातली सर्वांत धारदार गोष्ट वाटते, आणि ती धार मुद्दाम ठेवली आहे की अनवधानानं आली आहे हे ठरवायची गरजही वाटत नाही. ऑलिमारला घरी बायको आहे, एक मुलगा, एक मुलगी आहे. त्यांच्या आठवणीनं तो व्याकूळ होतो. यानाचा कुठला भाग सापडला याचा आनंद, कुठल्या जनावराचं कुतूहल, सगळं तो मन लावून लिहितो. बाप म्हणून तो हळवा आहे. ज्यांच्या खांद्यावरून ते भाग आले त्यांच्यातले आज किती गेले, हा आकडा मात्र त्याच्या रोजनिशीत नसतो, हिशोबाच्या पडद्यावर असतो. हळवेपणा एका वहीत आणि मोजणी दुसऱ्या. हे मला फार ओळखीचं वाटलं.

आता तेरची गोष्ट. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमचं गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते नोंदलेलं आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून वर आलेल्या वस्तू आयुष्यभर वेचल्या, त्यांतून इथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं, आणि माझं सगळं शिक्षण त्या संग्रहालयाच्या कपाटांसमोर उभं राहून झालं. तिथं बोटाएवढ्या मातीच्या मूर्ती आहेत, साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ. पण महाराष्ट्र तेर ओळखतो तो गोरोबाकाकांमुळे. त्यांची समाधी तेरणेकाठी आहे, चैत्र वद्य त्रयोदशीला सोहळा होतो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. महिपतींनी 'भक्तविजया'त १७६२ साली ती सांगितली आणि त्यानंतर कीर्तनं, नाटकं, सिनेमे यांनी ती घराघरांत नेली. बायको पाण्याला गेली आहे. गोरोबाकाका अंगणात माती तुडवतायत, मुखी नाम, डोळे मिटलेले. लेकरू रांगत रांगत त्या चिखलाकडे येतं आणि पायांखाली जातं. बायको परत येते, लेकरू शोधते, चिखल तांबडा झालेला पाहते.

मी ही कथा शंभरदा ऐकली असेल. कीर्तनकार नेहमी तल्लीनतेवर जोर देतात. देहभान हरपणं म्हणजे काय याचं याहून मोठं उदाहरण नाही, असं सांगतात, आणि ते खोटं नाही. पण ते डबकं ओलांडल्यावर मी प्रथमच लेकराच्या बाजूनं विचार केला. लेकरू त्या चिखलात का गेलं? तिथं बाप होता म्हणून. सापाच्या बिळाकडे किंवा विहिरीकडे ते चुकून गेलं नव्हतं. ज्याच्यावर त्याचा पूर्ण विश्वास, त्याच्याकडेच ते निघालं होतं. ते मागून येणारं होतं. पाण्यात उतरलेले माझे तांबडे पिकमिन पाण्याकडे गेले नव्हते, माझ्याकडे येत होते.

इथं काही वाचक दुखावतील, म्हणून स्पष्ट सांगतो. संताच्या कथेला खेळण्याशेजारी बसवून तिला लहान करायचा माझा हेतू नाही. उलट, ही कथा सांगणारी परंपरा आपण समजतो त्याहून निर्भय आहे असं मला म्हणायचं आहे. तिनं लेकराचं मरण लपवलं नाही. आईचा आक्रोश गाळला नाही. ती नवऱ्याला जाब विचारते, विठ्ठलालाही बोल लावते, आणि पुढं त्याच विठ्ठलाची शपथ घालून त्याला स्वतःपासून दूर करते. पुढची सगळी कथा, दुसरं लग्न, हात तोडून घेणं, या शपथेतून निघते. म्हणजे कथेचा कणा भक्ताची समाधी नाही, ज्या बाईचं लक्ष लेकरावर होतं तिचा प्रश्न हा आहे. आपण कीर्तनात तो प्रश्न पटकन ओलांडून पंढरपूरच्या वाळवंटात पोचतो, जिथं नामदेवांच्या कीर्तनात हात परत फुटतात आणि लेकरू रांगत येतं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. ते अंगण होतं तसाच तो कारखाना होता. कुंभाराचं घर आणि कामाची जागा वेगळी नसते. गोरोबाकाका देवघरात बसलेले नव्हते, पोटाचं काम करत होते. आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात तेव्हा फडाच्या कडेला, बैलगाडीच्या सावलीत लेकरू ठेवून आईबाप कोयता चालवतात. कामाच्या जागी लेकरू असणं ही तेराव्या शतकातच संपलेली गोष्ट नाही. फडातल्या आईबापांचं लक्ष नामात नसतं, मोळ्यांत असतं. मोळ्या मोजणारा मुकादम असतो.

ऊसतोडीचा उल्लेख आला तो उगाच नाही. 'पिकमिन'मध्ये उचलायच्या वस्तूवर दोन आकडे दिसतात, किती जण लागतील आणि किती जण लागले आहेत. यानाचं मुख्य इंजिन वीस जणांशिवाय हलत नाही. कोणते वीस, याला अर्थ नाही. पिकमिनना नावं नाहीत, रंग आहेत. आमच्याकडे टोळी मोजतात ती कोयत्यांत, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन माणसं, एक आकडा, तोही हत्याराच्या नावानं. २००४ चा 'पिकमिन २' तर सरळ कर्जाचीच गोष्ट आहे. ऑलिमारच्या मालकाची कंपनी १०,१०० 'पोको'च्या कर्जात आहे आणि ते फेडायला ऑलिमारला पुन्हा त्या ग्रहावर पाठवलं जातं. कर्ज मालकाचं, हुकूम नोकराला, ओझं पिकमिनच्या डोक्यावर. 'उचल' हा शब्द ज्यानं घरात ऐकला आहे त्याला हा खेळ समजायला भाषांतर लागत नाही. (त्या भागात गोळा करायचा 'खजिना' म्हणजे माणसांनी टाकलेली बाटलीची झाकणं, बॅटऱ्या वगैरे. ऑलिमार आणि त्याचं यान त्यांना भव्य नावं देतात आणि उपयोग चुकीचा ओळखतात. खापराच्या तुकड्यावरून सातवाहनकालीन सैंपाकघर उभं करणाऱ्या माझ्यासारख्यानं ते हसून सोडून द्यावं, इतकं ते जवळचं आहे.)

जपानी प्रेक्षकांना हे लगेच कळलं असावं. पहिल्या खेळाच्या जाहिरातीसाठी 'स्ट्रॉबेरी फ्लॉवर' या गटानं 'आई नो उता', म्हणजे प्रेमगीत, गायलं. त्यात पिकमिनच बोलतात: आम्ही ओढू, लढू, खाल्ले जाऊ, पण तुम्ही आमच्यावर प्रेम करावं असं म्हणणार नाही, असा त्याचा आशय. ते गाणं तिथं तुफान गाजलं आणि कचेरीत राबणाऱ्यांनी ते स्वतःचं मानलं. मला ते गाणं आवडतं आणि त्याचा रागही येतो. न मागणाऱ्याच्या तोंडून 'आम्ही मागत नाही' असं गोड चालीत वदवून घेतलं की ऐकणाऱ्याला हुंदका येतो, आणि हुंदका आला की आपण काहीतरी दिलं असं वाटू लागतं.

खेळाचा खरा दोष मला इथंच दिसतो. मेलेल्यांची जागा तो फार स्वस्तात भरतो. मारलेलं जनावर ओढून आणलं की त्यातून नवे अंकुर निघतात. नऊ गेले, तासाभरात बारा आले. आकडा दुरुस्त होतो. सुस्कारा ऐकवणारा खेळ तो विसरायची सोयही करून ठेवतो, आणि दहाव्या दिवसापर्यंत मी कॅफेतल्या पोरांसारखाच 'जाऊ दे' म्हणू लागलो होतो, हे कबूल करतो. २०२३ च्या 'पिकमिन ४'मध्ये तर काळ मागं नेण्याची सोय आहे. चूक झाली की थोड्या वेळापूर्वीच्या क्षणावर परत जा, गेलेले सगळे उभे. पहिल्या खेळातही यंत्रावरची शेवटची नोंद उघडून दिवस पुन्हा सुरू करता येतो, पण मग तो अख्खा दिवस पुन्हा जगावा लागतो. चौथ्या खेळात 'दांदोरी' या जपानी शब्दाचा सारखा जप आहे, म्हणजे कामाची आधीच नीट मांडामांड करणं. हा उत्तम, कारागिरीचा शब्द आहे. पण मांडामांड वेळ वाचवण्यासाठी करायची, जीव वाचवण्यासाठी नाही, असा त्या खेळाचा एकंदर कल. खेळ अधिक देखणा, अधिक सुखाचा झाला. मला मात्र तो पहिल्याहून उणा वाटतो. वाळवंटात लेकरू परत मिळतं ते हात तोडून झाल्यावर, सगळं घर मोडून झाल्यावर. इथं एक कळ दाबली की मिळतं.

गोरोबाकाकांची दुसरी कथा मला या खेळाच्या निमित्तानं नव्यानं दिसली. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असताना मुक्ताबाई विचारते, हे काय आहे? काका म्हणतात, थापटणं, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग ते एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात आणि नामदेव कच्चं मडकं ठरतात. ही कथा सांगतात ती नामदेवांना गुरूची गरज कशी होती हे पटवायला. मी आता तिच्यात दुसरं काही पाहतो. माती तुडवताना ढिगात सगळं एक असतं. भट्टीतून निघालेलं मडकं कुंभार एकेक करून हातात घेतो, वाजवतो, कान देऊन ऐकतो. ढीग तुडवणारे पाय आणि एकेक वाजवून बघणारा हात एकाच माणसाचे. दोन्ही कथा याच गावात, याच माणसाच्या नावावर सांगितल्या गेल्या. कोणी आधी रचली, कोणी नंतर, हा वेगळा शोधाचा विषय. पण त्या शेजारी ठेवून वाचायला मला एका जपानी खेळण्याची गरज पडली, याची थोडी लाज वाटते.

माझा पहिला डाव तीस दिवसांनंतर फसला. तीसपैकी तेवीस भाग जमले होते, निदान पंचवीस लागतात. यान उडालं आणि कोसळलं. मग पिकमिननी ऑलिमारला उचललं, ज्या रीतीनं ते एवढे दिवस वस्तू उचलत होते त्याच रीतीनं, आणि आपल्या कांद्यासारख्या घरट्यात नेलं. शेवटच्या दृश्यात तो जमिनीत रुजलेला आहे, डोक्यावर अंकुर. आता तो उपटणाऱ्याची वाट बघणार. लेक म्हणाली, हा वाईट शेवट आहे. मला तो तीन शेवटांतला सर्वांत न्याय्य वाटला. हिशोबाच्या पडद्यावर गमावलेल्यांचा आकडा ३१२ होता. कोणाकोणाला कुठं गमावलं ते आठवायचा प्रयत्न केला. ते पहिले नऊ सोडले तर कुणीच आठवेना.

लेक पुण्याला परत गेली, यंत्र माझ्याकडे ठेवून. पाडवा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी दुसरा डाव मांडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच डबकं आलं. सोबत तेवढेच तांबडे. एक कळ दाबली की सगळे जिथल्या तिथं बसतात, हे मला पहिल्या डावात ठाऊक होतं, पण सुचलं नव्हतं. मी ती दाबली आणि एकटा पाण्यात उतरलो. पलीकडे उचलण्यासारखं जे होतं ते माझ्या एकट्याच्यानं हलणार नव्हतं, हे माहीत होतं. तरी गेलो, आणि वळून पाहिलं. ते काठावर गवतात बसून होते.